पाण्याचा रंग ठरेपर्यंत

पहाटे ५
मेहकरात अजून अंधार आहे. ड्रॉइंग बोर्ड, क्लिपा, रंगपेटी, हँडमेड कागदाचे पाव ताव, पाण्याच्या बाटल्या, ब्रश टिपायला जुन्या बनियनच्या चिंध्या, सगळं रात्रीच भरून ठेवलंय. मी शाळेत चित्रकला शिकवतो. आठवडाभर एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या मुलांची स्थिरचित्रं आणि संकल्पचित्रं तपासायची, आणि हिवाळ्यातल्या रविवारी काही मोठ्या माणसांना घेऊन लोणारच्या काठावर जायचं. यातल्या कुणालाच चित्रकार व्हायचं नसतं. कुणाची झोप उडालेली असते, कुणाच्या घरातलं माणूस गेलेलं असतं.

सकाळी ६.३०
मेहकर ते लोणार पंचवीसेक किलोमीटर. काठावर पोचतो तेव्हा धुक्यामुळे तळ दिसतच नाही, फक्त खालून मोरांचे आवाज येतात. उल्का आदळून काळ्या बसाल्टात पडलेला हा खड्डा काठाशी सुमारे १.८ किलोमीटर रुंद आहे. एवढं मोठं काही समोर असलं की माणूस आधी फोटो काढतो, म्हणून फोन पिशवीत ठेवायला सांगतो. पहिला अर्धा तास पेन्सिलही हातात घ्यायची नाही, नुसतं बघायचं.

इगतपुरीच्या धम्मगिरीला विपश्यनेसाठी आपल्याकडून बरेच जण जातात. तिथे डोळे मिटून श्वासाकडे लक्ष द्यायला शिकवतात. ज्यांना जमतं त्यांचं मला कौतुक आहे. पण डोळे मिटले की ज्यांच्यापुढे बँकेची नोटीस उभी राहते, त्यांना मी डोळे उघडे ठेवून बसवतो.

सकाळी ८
धुकं उठतं आणि खरं काम सुरू होतं. आधी आभाळाचा वॉश. थंडीत कागद सावकाश वाळतो, तेव्हा थांबावं लागतं, आणि त्या थांबण्याला माझ्या लेखी फार किंमत आहे. मग समोरच्या काठाची कड, तिच्याखालची झाडी, आणि शेवटी पाणी.

पाण्यापाशी सगळेच अडतात. आज एक ताई आल्यात. माहेर नांदुऱ्याकडचं, म्हणजे घाटाखालचं. सासर इथलं, घाटावरचं. दोन वर्षांपूर्वी नवरा गेला. सोयाबीनची तीन एकरं त्या एकट्या बघतात.

“सर, पानी हिरवं काढू का निळं?”

“ताई, तुम्हाला कसं दिसतंय?”

“मघापासून पाहून राह्यली. दर वेळी येगळंच दिसते.”

त्यांचं बरोबर आहे. पाणी खारट आणि अल्कधर्मी, त्यात सूक्ष्म शेवाळ, म्हणून हिरवं. वर आभाळाचं प्रतिबिंब, आणि काठाशी झाडांची सावली. जून २०२० मध्ये तर अख्खं सरोवर गुलाबी झालं. नमुने नागपूरच्या ‘नीरी’कडे आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेकडे गेले. पाणी आटून खारटपणा वाढला आणि मिठात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांनी हा रंग आणला, असं निष्पन्न झालं. त्याच वर्षी नोव्हेंबरात सरोवराला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. इथले गाइड हळद लावलेला कागद या पाण्यात बुडवून दाखवतात, तो कुंकवासारखा लाल होतो. अशा पाण्याचा रंग डब्यातून तयार कसा मिळेल?

ताईंनी सॅप ग्रीन घेतला, कागदाच्या कडेला ठिपका दिला, समोर बघितलं. फार ओला हिरवा. त्यात यलो ऑकरचं टोक बुडवलं, दुसरा ठिपका. पिवळटला. मग बर्न्ट सिएनाचा अगदी कण. बराच वेळ नजर पाणी, ठिपका, पाणी अशी फिरत होती. कपाळावरची आठी तीच, पण आता ती या हिरव्यासाठी होती. एवढ्या वेळात त्यांनी कर्जाचं किंवा दिराचं नाव काढलं नाही. चित्र कसं होतं याला मी फारसं महत्त्व देत नाही. समोरच्या गोष्टीशी ठिपका जुळवताना मनातली उधारीची वही मिटून राहते, आणि तेवढा विसावा माणसाला मिळायलाच हवा असं मला मनापासून वाटतं.

सकाळी ११
ऊन वर आलं, सावल्या आखडल्या. धारेवर जाऊन तोंडं धुतली. गोमुखातून ही धार बारमाही वाहते. भाकरी, झुणका, ठेचा. जेवताना माणसं मोकळी होतात. भाव, पीकविमा, मुलीचं लग्न. मी मध्ये बोलत नाही.

एक गोष्ट मात्र प्रत्येकाला सांगतोच. रंगपेटी औषधाची जागा घेऊ शकत नाही. आपला जिल्हा पश्चिम विदर्भातल्या शेतकरी आत्महत्यांच्या पट्ट्यात येतो. २००६ च्या पंतप्रधान पॅकेजच्या सहा जिल्ह्यांत बुलडाणाही होता. रात्र-रात्र झोप नसेल, नको ते विचार येत असतील, तर सरकारच्या टेली-मानसला १४४१६ वर फोन करायचा, डॉक्टरांकडे जायचं, गोळ्या दिल्या तर घ्यायच्या. हा नंबर मी प्रत्येकाच्या बोर्डामागे लिहून ठेवलाय.

दुपारी १
गावातलं दैत्यसूदनाचं देऊळ. विष्णूने लवणासुराला मारलं, ती कथा इथली. भिंती सरळ नाहीतच, कोनाकोनाने आत-बाहेर होत जातात. बाहेर बसून पेन्सिलीने एकच कोपरा काढायचा. एसटीतून निवृत्त झालेले एक काका फक्त तळाचे थर काढतात. त्यांचा हात कापतो, म्हणून रेघ थरथरते, आणि झिजलेल्या दगडाला ती शोभून दिसते. मी खोडरबर आणतच नाही.

दुपारी ३.३०
पुन्हा काठावर. सकाळची जागा तीच, पण उजेड पश्चिमेचा. सकाळचं चित्र पुरं करायचा मोह होतो, तो होऊ देत नाही. नवा कागद लावायला सांगतो. कोल्हापूरचे आबालाल रहिमान कोटितीर्थाच्या काठी राहून निसर्गचित्रं करत राहिले. त्यांच्या चित्रांकडे बघितलं की एकाच पाण्यापाशी पुन्हापुन्हा बसण्याचं मोल कळतं. दगडासाठी अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना मिसळून राखाडी कसा करायचा ते दाखवतो, बाकी गप्प बसतो. ताईंनी आता न विचारताच पाणी जवळजवळ काळं घेतलंय. बरोबर घेतलंय.

संध्याकाळी ५.३०
अभयारण्याचा भाग आहे, अंधार पडायच्या आत निघतो. चित्रं ओळीने मांडून कुणाचं चांगलं, कुणाचं वाईट असं मी करत नाही. ज्याचं त्याने घरी न्यायचं.

रात्री ८
ब्रश धुऊन आडवे वाळत घातले. तेवढ्यात ताईंचा फोन.

“सर, माह्या जावेले बी येयाचं हाये. तिच्यासाठी कागद आनान का?”

कागद आणतो म्हटलं, पण गाडीत एकच जागा उरलीय, शुक्रवारपर्यंत नक्की सांगा.