वाणिज्य शाखेच्या पहिल्या वर्गात काय शिकवतात?

दहावी-बारावीचे निकाल लागले की आपल्या भागात घरोघरी एकच बोलणं सुरू होतं. पोरीला पुढं काय करायचं? गुण चांगले असले तर सायन्स, नाहीतर आर्ट्स, आणि काहीच ठरत नसेल तर कॉमर्स. कॉमर्सचं नाव असं शेवटी येतं. त्यात नक्की काय शिकवतात हे मात्र फार थोड्या घरांत माहीत असतं. म्हणून आज आम्ही कॉलेजात शिकवल्या जाणाऱ्या व्यवसायाच्या सुरुवातीच्या अभ्यासक्रमांबद्दल बोलणार आहोत. मुलीला कॉलेजात घालणाऱ्या आईसाठी हे आहेच, पण घरी शेवया, पापड, चटणी करून विकणाऱ्या, शेळ्या पाळणाऱ्या, शिलाई करणाऱ्या ताईसाठीही आहे.

आधी थोडा इतिहास. मुंबईचं सिडनहॅम कॉलेज १९१३ साली सुरू झालं. आशिया खंडातलं पहिलं वाणिज्य महाविद्यालय म्हणून त्याचं नाव घेतात. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१८ ते १९२० या काळात तिथं अर्थशास्त्र शिकवलं. पुण्यात बृहन्महाराष्ट्र वाणिज्य महाविद्यालय १९४३ साली निघालं. म्हणजे हिशेब आणि व्यापार वर्गात बसून शिकण्याला आपल्या राज्यात शंभराहून अधिक वर्षं झाली. तेव्हा त्यासाठी मुंबई-पुणं गाठावं लागे. आज आपल्या जळकोटच्या मुलीला नळदुर्गला कला, विज्ञान आणि वाणिज्य महाविद्यालय आहे. धाराशिवला डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचं उपकेंद्र आहे. हमरस्त्यानं उलट्या दिशेला उमरगा आहे आणि थोडं लांब सोलापूर.

आता वर्गात काय शिकवतात ते बघू. अकरावी वाणिज्यला भाषांबरोबर मुख्य विषय असतात ते असे : पुस्तपालन आणि लेखाकर्म, वाणिज्य संघटन आणि व्यवस्थापन, अर्थशास्त्र आणि चिटणिसाची कार्यपद्धती. गणितही घेता येतं. नावं जड आहेत, पण आतली गोष्ट रोजच्या व्यवहाराची आहे.

पुस्तपालन म्हणजे हिशेबाच्या वह्या लिहिणं. रोज जे घडलं ते तारखेवार लिहायचं, ती रोजकीर्द. मग एकेका माणसाचं, एकेका वस्तूचं खातं वेगळं काढायचं, ती खतावणी. सगळ्या खात्यांची शिल्लक जुळते का ते पाहायचं, ते तेरीज पत्रक. शेवटी नफा झाला की तोटा, आणि आपल्याकडे काय आहे व आपण कुणाचं काय देणं लागतो, हे सांगणारा ताळेबंद. यातला पाया एकच आहे. प्रत्येक व्यवहाराला दोन बाजू असतात. घेणाऱ्याच्या नावे, देणाऱ्याला जमा. आलेली वस्तू नावे, गेलेली वस्तू जमा. खर्च नावे, उत्पन्न जमा. दिवाळीत दुकानदार ज्या वहीची पूजा करतात, त्या वहीत कसं लिहायचं हे मुलगी इथं शिकते.

याच विषयात आणखी एक गोष्ट पहिल्या काही धड्यांतच येते, आणि आम्हाला ती बायांसाठी सगळ्यात मोलाची वाटते. धंदा वेगळा आणि मालक वेगळा. धंद्याच्या पैशातून घरासाठी काही काढलं, तर ती 'उचल' म्हणून लिहायची. आपल्याकडे काय होतं? चटणी विकून आलेल्या पैशातून तेलाची पिशवी येते, पोराची फी भरली जाते, पाहुण्यांचा चहा होतो. महिनाअखेरीस हातात काही उरत नाही आणि घरची माणसं म्हणतात, हिच्या धंद्यात काही राम नाही. खरं तर धंद्यानं घर चालवलेलं असतं. ते कुठं लिहिलेलं नसतं, एवढंच.

आता एक उदाहरण करू. आकडे समजुतीसाठी घेतले आहेत, तुम्ही तुमच्या बाजारातले भाव घाला. समजा एका ताईनं शेंगदाण्याची चटणी केली. पाच किलो शेंगदाणे १४० रुपये किलोनं, म्हणजे ७०० रुपये. लाल तिखट, लसूण, जिरं, मीठ १५० रुपये. पाव किलोच्या वीस पिशव्या आणि लेबल मिळून ६० रुपये. एकूण ९१० रुपये. पिशवी ७० रुपयांना विकली, तर वीस पिशव्यांचे १,४०० रुपये आले. ताई म्हणते, ४९० रुपये सुटले.

कॉमर्सची मुलगी शेजारी बसली, तर ती चार प्रश्न विचारील. गॅस आणि मिक्सरची वीज किती? ६० रुपये. माल विकायला जाण्या-येण्याचा खर्च? १४० रुपये. भाजणं, कुटणं, भरणं यात तुमचे किती तास गेले? सहा. आणि दुसरीकडे कामाला गेलात तर तासाला किती मिळतील? ४० धरू, म्हणजे २४० रुपये. हे सगळं वजा केलं तर ४९० मधून उरले फक्त ५०. त्यातल्या तीन पिशव्या उधार गेल्या आणि ते २१० रुपये बुडाले, तर धंदा तोट्यात.

म्हणून धंदा बंद करायचा का? नाही. हाच हिशेब रस्ताही दाखवतो. वीसऐवजी चाळीस पिशव्या केल्या, तर विक्री २,८०० रुपये. सामान १,८२०, गॅस-वीज १२०, मजुरी ४८०. पण जाण्या-येण्याचा खर्च तोच, १४०. एकूण खर्च २,५६० आणि नफा २४० रुपये. माल दुप्पट केला आणि नफा जवळजवळ पाचपट झाला, कारण प्रवासखर्च वाढला नाही. माल वाढला तरी जो खर्च तेवढाच राहतो तो स्थिर खर्च. मालाबरोबर जो वाढतो तो बदलता खर्च. पुस्तकात हे दोन शब्द आले की मुलं पाठ करतात. आपण ते चटणीच्या पिशवीत पाहिले. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. चाळीस पिशव्या विकल्या जातील एवढं गिऱ्हाईक आहे का, हे आधी पाहावं लागतं. त्याला बाजारपेठेचा अभ्यास म्हणतात आणि तोही याच शाखेत येतो.

दुसरं उदाहरण कर्जाचं. कुणी सांगतं, ५०,००० रुपये घ्या, वर्षाला १२ टक्के. ऐकायला दोन्हीकडे १२ टक्केच असतात, पण आकारणीच्या दोन रीती आहेत. एकात पूर्ण रकमेवर वर्षभर व्याज धरतात. व्याज झालं ६,००० आणि महिन्याचा हप्ता सुमारे ४,६६७ रुपये. दुसऱ्या रीतीत जेवढं मुद्दल उरलं तेवढ्यावरच व्याज धरतात. हप्ता येतो सुमारे ४,४४२ रुपये आणि वर्षाचं व्याज होतं सुमारे ३,३०९. फरक जवळजवळ २,७०० रुपयांचा. पहिल्या रीतीतलं १२ टक्के व्याज घटत्या शिलकेच्या भाषेत २१ टक्क्यांच्याही वर जातं. सहीचा किंवा अंगठ्याचा ठसा उमटवण्याआधी 'व्याज घटत्या शिलकेवर आहे का?' एवढा एक प्रश्न विचारता आला, तरी घरात कुणीतरी कॉमर्स शिकल्याचं सार्थक होतं.

शिक्षण नसलेल्या बायकांनी हे शिकून काय केलं याचा दाखला आपल्याच राज्यात आहे. सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडला चेतना गाला सिन्हा यांच्याबरोबर गावच्या बायकांनी स्वतःची बँक काढायचं ठरवलं. पहिला अर्ज नामंजूर झाला, कारण प्रवर्तकांमध्ये लिहिता-वाचता न येणाऱ्या बाया होत्या. त्या बायांनी लिहा-वाचायला शिकायला सुरुवात केली आणि पुन्हा रिझर्व्ह बँकेच्या अधिकाऱ्यांसमोर गेल्या. कोणतीही रक्कम सांगा, व्याज तोंडी काढून दाखवतो, असं त्यांचं म्हणणं होतं. १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. पुढं २००६ साली माणदेशीनं ग्रामीण बायकांसाठी व्यवसायाची शाळा सुरू केली. बसमधून गावोगाव जाणारे वर्गही काढले. हिशेब बाईला येतोच. तो कागदावर मांडायला शिकली की समोरच्याला तो नाकारता येत नाही.

आता प्रवेशाच्या वाटा सांगतो.

पहिली वाट दहावीनंतरची. अकरावी वाणिज्यला जाता येतं.

दुसरी बारावीनंतरची. बी.कॉम. तीन वर्षांचं आहे. नव्या शैक्षणिक धोरणानुसार अभ्यास श्रेयांकांत मोजतात. पहिल्या वर्षाचे श्रेयांक आणि त्यासोबत ठरवून दिलेला चार श्रेयांकांचा कौशल्याचा भाग पूर्ण करून बाहेर पडलं तर प्रमाणपत्र, दोन वर्षांनी पदविका, तीन वर्षांनी पदवी, चौथं वर्ष केलं तर ऑनर्स. मधेच सोडावं लागलं तर तीन वर्षांच्या आत परत येता येतं आणि एकूण सात वर्षांत पदवी पूर्ण करायची असते. ज्या मुलींचं लग्न मधेच ठरतं, त्यांनी आणि त्यांच्या सासरच्यांनी हे नीट ऐकावं. केलेलं वर्ष वाया जात नाही. बी.ए. किंवा बी.एस्सी.ची मुलगीसुद्धा ओपन इलेक्टिव्ह म्हणून दुसऱ्या शाखेतला विषय घेते. कॉलेजनं वाणिज्यचा विषय ठेवला असेल, तर तो मागून घ्यावा.

बी.बी.ए. मात्र वेगळं. २०२४-२५ पासून हा अभ्यासक्रम एआयसीटीईच्या कक्षेत आला आणि त्यासाठी राज्याची सीईटी द्यावी लागते. बारावीचा निकाल लागल्यावर जागं होऊन चालत नाही. अर्जाची तारीख आधीच निघून जाते.

तिसरी वाट शाळा सुटून वर्षं झालेल्यांची. नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ साली स्थापन झालं. घर, शेती सांभाळून तिथून बी.कॉम. करता येतं. पदवी नको, धंद्यापुरतं शिकायचं असेल, तर ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था आहेत. त्या बँका चालवतात, प्रशिक्षण विनामूल्य असतं, राहण्या-जेवणाची सोय असते आणि नंतर कर्जाच्या कामात पाठपुरावाही करतात. महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्राचेही वर्ग होतात. 'उमेद'च्या गटात असाल तर गटाच्या ताईंना विचारा.

जाण्या-येण्याचं काय, हा प्रश्न येतोच. पाचवी ते बारावीच्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत शाळा-कॉलेजसाठी एस.टी.चा पास मोफत आहे. मार्च २०२३ पासून सगळ्याच महिलांना एस.टी.त अर्धं तिकीट लागतं.

प्रवेश घेण्याआधी कॉलेजात चार गोष्टी विचारा. या वर्षी वाणिज्यचे कोणते विषय प्रत्यक्ष शिकवले जाणार आहेत? मराठीतून पेपर लिहिता येतो का? संगणकावर हिशेब आणि जीएसटीचं काम करून घेतात का? आणि कोणती शिष्यवृत्ती लागू आहे, तिची कागदपत्रं कधीपर्यंत द्यायची? अर्ज भरताना जिल्हा आणि तालुका नीट पाहा. आपलं जळकोट धाराशिव जिल्ह्यात, तुळजापूर तालुक्यात आहे. लातूर जिल्ह्यात जळकोट नावाचा आख्खा तालुकाच आहे.

एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. हा अभ्यासक्रम भांडवल देत नाही आणि गिऱ्हाईकही आणून देत नाही. पहिल्या वर्षाचं प्रमाणपत्र हातात आलं म्हणून नोकरी दारात येणार नाही. पण पतसंस्थेत, व्यापाऱ्याकडे, कर सल्लागाराकडे, शेतकरी उत्पादक कंपनीत, बचत गटांच्या संघात हिशेब लिहिणारं माणूस लागतंच. पुढं सी.ए. व्हायचं असेल, तर बारावीनंतर फाउंडेशन परीक्षेची वाट उघडी आहे. आणि नोकरी नाही केली, तरी घरच्या शेतीचा, दुकानाचा, गटाचा हिशेब तिच्या हातात येतो. ज्याच्या हातात हिशेब, त्याला घरात विचारून निर्णय होतात.

तेव्हा या आठवड्यात एक काम करा. शंभर पानी वही आणा. डाव्या बाजूला आलेले पैसे, उजव्या बाजूला गेलेले. घरासाठी काढलेल्या पैशापुढे 'उचल' असं लिहा. स्वतःच्या कामाचे तासही लिहा. महिनाभरानं बेरीज करा आणि ती वही घरात सगळ्यांसमोर वाचून दाखवा. घरात कॉमर्सची मुलगी असेल, तर तिला शेजारी बसवा. तिचाही अभ्यास होईल आणि तुमचाही. पुढच्या भागात याच वहीवरून बँकेत कर्जासाठी प्रकल्पाचा कागद कसा तयार करायचा ते सांगू. तोवर नमस्कार.