दहावी संपते, अकरावी केव्हा सुरू होते?

शिकण्याचे टप्पे : लेखांक 5

मागच्या आठवड्यात आपण जिल्हा परिषदेच्या शाळेतून आठवीसाठी बाहेरगावच्या हायस्कुलात जाणाऱ्या मुलांविषयी बोललो. तिथली अडचण मुख्यतः अंतराची होती. एसटीची वेळ, पावसाळ्यातला ओढा, मुलीला एकटं पाठवायचं का हा घरातला वाद. दहावीनंतर अंतर असतंच, पण त्याच्या जोडीला इतकं काही एकदम बदलतं की नेमकं काय अडलंय हे मुलाला स्वतःलाही सांगता येत नाही.

सीबीएसईचा विद्यार्थी दहावीनंतर बहुधा त्याच शाळेत अकरावीला बसतो. गणवेश तोच, बरेचसे शिक्षकही तेच. राज्य मंडळाची मुलं मात्र त्याच वयात ‘कॉलेजला’ जातात. याचं मूळ जुनं आहे. कोठारी आयोगाने (1964-66) दहा अधिक दोन अधिक तीन अशी रचना सुचवताना पदवीपूर्व वर्ग विद्यापीठांकडून काढून शालेय शिक्षणाकडे आणावेत, असं म्हटलं होतं. महाराष्ट्रात जुनी अकरावी मॅट्रिक गेली, 1975 मध्ये नव्या दहावीची पहिली तुकडी बाहेर पडली आणि 1977 मध्ये बारावीची पहिली परीक्षा झाली. मधली दोन वर्षं ‘कनिष्ठ महाविद्यालय’ या नावाखाली काही ठिकाणी शाळांना आणि काही ठिकाणी पदवी महाविद्यालयांना जोडली गेली. म्हणजे मंडळ शालेय, वय शालेय, पण अनेकांच्या वाट्याला इमारत आणि वातावरण महाविद्यालयाचं. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला कालपर्यंत वर्गशिक्षक नावाने हाक मारत होते, गैरहजर राहिला तर घरी फोन करत होते. आता तो मोठ्या तुकडीतला एक रोल नंबर आहे. त्याला हे स्वातंत्र्य वाटतं आणि ते खरंही आहे. पण त्याची चौकशी करणारं माणूस त्याच दिवशी नाहीसं झालेलं असतं.

त्याआधी येतो प्रतीक्षेचा काळ. 2025 मध्ये दहावीचा निकाल 13 मे रोजी लागला आणि अकरावीची ऑनलाइन प्रवेशप्रक्रिया प्रथमच संपूर्ण राज्याला लागू झाली. तोवर ती मुंबई, पुणे, नागपूर, नाशिक, अमरावती अशा मोठ्या शहरांच्या परिसरापुरती होती. अर्जाचा भाग एक, भाग दोन, दहापर्यंत पसंतिक्रम, मग फेरी, मग कटऑफ. पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं तर प्रवेश घ्यावाच लागतो, नाहीतर पुढच्या नियमित फेऱ्यांतून नाव बाहेर. वर्ग सुरू होईपर्यंत ऑगस्ट उजाडला. पूर्वी गावातल्या कॉलेजच्या खिडकीवर फॉर्म भरून मोकळी होणारी मुलंही आता सायबर कॅफेत रांग लावून होती. केंद्रीय पद्धतीमुळे वशिल्याला आळा बसतो, म्हणून ती मला योग्य वाटते. पण मुलाच्या बाजूने पाहा. अभ्यासाची लय तुटलेली, मित्र कुठे जाणार ते ठाऊक नाही, आणि घरात रोज फक्त टक्केवारीची चर्चा. ज्यांना 94 टक्के असूनही हवं ते कॉलेज मिळालं नाही, ती मुलं यशाच्या वर्षातच पहिला नकार पचवत असतात.

आता विज्ञान शाखेकडे येऊ, कारण तिथे हा बदल सगळ्यात कठोर आहे. भोरकडच्या एखाद्या मराठी माध्यमाच्या हायस्कुलातून आलेली मुलगी कल्पनेत आणा. दहावीला तिने सूत्री विभाजन आणि प्रकाशाचं अपवर्तन चांगलं समजून घेतलं होतं, आकृत्याही सुबक काढल्या होत्या. अकरावीला तेच विषय इंग्रजीतून येतात. मायटॉसिस आणि रिफ्रॅक्शन ही नावं पाठ व्हायला वेळ लागत नाही. वेळ लागतो तो लांबलचक इंग्रजी वाक्यातून प्रश्न नेमका काय विचारतोय हे उकलायला, आणि वर्गात हात वर करून ‘सर, समजलं नाही’ म्हणायला, कारण आजूबाजूची मुलं इंग्रजीत बोलत असतात. त्यातच विज्ञानाचे दोन भाग होते त्यांचे आता भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र असे स्वतंत्र विषय झालेले आणि गणिताने एकदम वेग घेतलेला. पहिल्या घटक चाचणीत 25 पैकी 9 येतात. काही महिन्यांपूर्वी गावात जिचा सत्कार झाला, तिच्या मनात प्रश्न उभा राहतो की आपण मुळातच हुशार नव्हतो का? माझं ठाम मत आहे की या एका प्रश्नाने जितकी मुलं विज्ञानापासून तोडली, तितकी अभ्यासक्रमाने तोडली नाहीत. ते 9 गुण तिची बुद्धी मोजत नाहीत. नव्या भाषेत पहिले काही आठवडे काढल्यावर आलेला तो आकडा आहे.

दुर्दैवाने या वर्षाकडे मोठी माणसंही गांभीर्याने पाहत नाहीत. अकरावीला मंडळाची परीक्षा नाही, म्हणून ते ‘आरामाचं वर्ष’. एमएचटी-सीईटीत अकरावीचा वाटा साधारण 20 टक्के आणि बारावीचा 80, त्यामुळे हा समज आणखी घट्ट होतो. पण नीट आणि जेईईला दोन्ही वर्षांचा अभ्यासक्रम लागतो, म्हणून ज्यांना परवडतं ती मुलं पहिल्या दिवसापासून क्लासला असतात आणि कॉलेजात नाव तेवढं असतं. शासनाने 2018 मध्ये बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढला तो यासाठीच. रिकामे बाक तरीही दिसतातच. ज्याला क्लास परवडत नाही, तो त्या रिकाम्या बाकांच्या वर्गात शिकतो.

लातूरला हे सगळं एका गावात पाहायला मिळतं. परभणी, हिंगोली, बीडकडून आलेली मुलं खोल्या घेऊन राहतात, मेसचा डबा, रात्री उशिरापर्यंत अभ्यासिका. ‘लातूर पॅटर्न’ने शेतकऱ्यांच्या घरांत डॉक्टर दिले, हे मोलाचं काम आहे आणि त्याची थट्टा करणाऱ्यांनी आधी मराठवाड्यात पर्याय किती होते ते पाहावं. तरीही सोळाव्या वर्षी घर सोडणाऱ्या मुलाला ताप आला, भूक लागली नाही, चाचणीत मागे पडला, तर हे तो कुणाला सांगतो? आईला फोनवर तो ‘सगळं छान चाललंय’ म्हणतो. घरच्यांनी क्लासच्या फीसाठी काय काय केलंय हे त्याला माहीत असतं.

2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात नववी ते बारावी असा चार वर्षांचा एकच टप्पा मांडला आहे. तो प्रत्यक्षात उतरेल तेव्हा उतरेल. तोवर एक गोष्ट शाळांच्या हातात आहे. दहावीच्या वर्गशिक्षकांनी सप्टेंबर-ऑक्टोबरमधल्या एखाद्या शनिवारी, पहिल्या चाचणीचे गुण हातात आल्यावर, आपल्या मुलांना परत बोलवावं. आयटीआयला गेलेल्यांना, वाणिज्यवाल्यांना, आणि जिने कुठेच प्रवेश घेतला नाही तिलाही. चाचणीचे पेपर सोबत आणायला सांगावेत. कोणता प्रश्न येत नव्हता आणि कोणता फक्त कळला नाही, हे या मुलांच्या उत्तरपत्रिकांवर ज्यांनी तीन वर्षं लाल शाई फिरवली, त्या शिक्षकांना पाच मिनिटांत दिसेल.

(पुढील लेखांकात : बारावीनंतर शहरात, वसतिगृहाचं पहिलं वर्ष)