माहिती चौकट : जुनी वर्दी, जुने बिल्ले

आधी मुकुट पाहा. 26 जानेवारी 1950 पूर्वीच्या मेजरच्या खांद्यावर ब्रिटिश राजमुकुट, त्यानंतर अशोकस्तंभाचे सिंह. कॅप्टनचे तीन तारे पूर्वीही होते, आताही आहेत. ताऱ्याची घडण मात्र बदलली. बटणांवरचा मुकुटही तेव्हाच गेला.

हुद्दा. बाहीवर एक फीत लान्स नाईकची, दोन नाईकच्या, तीन हवालदाराच्या.

मराठा लाइट इन्फंट्री. मूळ 1768 सालचे, केंद्र बेळगावात. बिल्ल्यावर बिगुल, ढाल आणि तलवारी. 1922 च्या फेररचनेत पलटणींना 5 हा रेजिमेंट क्रमांक मिळाला. त्यामुळे खांद्यावरच्या पितळी अक्षरांत 5 दिसला, तर वस्तू बहुधा त्यानंतरची.

महार रेजिमेंट. स्थापना 1941, बेळगाव. सुरुवातीच्या बिल्ल्यावर कोरेगावचा विजयस्तंभ होता. पुढे मशीनगन आल्या आणि अखेरीस स्तंभाच्या जागी खंजीर आला. स्तंभाचा बिल्ला म्हणूनच जुना. आणि नकलाही त्याच्याच जास्त संभवतात.

अस्सल की नक्कल? बिल्ला उलटा करा. मागचे कडीचे डाख, झीज आणि ठशाची धार पाहा. पितळ सतत घासून चकचकीत केले तर बारीक नक्षी पुसट होते. लोकरी कोटाला कसर लागते.

  

कायदा. सैनिक नसताना, तसे भासवण्यासाठी लष्करी वर्दी किंवा चिन्ह वापरणे हा गुन्हा आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम 168 नुसार तीन महिन्यांपर्यंत कैद, 2,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही.