नवे देऊळ की जुन्याचे दार?

रत्नागिरीचे पतितपावन मंदिर 22 फेब्रुवारी 1931 रोजी खुले झाले. आत लक्ष्मीनारायणाची मूर्ती, आणि कोणत्याही जातीच्या हिंदूला थेट मूर्तीपर्यंत जाऊन पूजा करण्याची मुभा. आज हे वाचून कोणी म्हणेल, त्यात काय एवढे? पण त्या काळी महार-चांभार समाजातल्या माणसाने देवाला हात जोडायचे ते बाहेरून, लांबून. रत्नागिरीतल्या विठ्ठल मंदिरात त्यांना निदान सभामंडपापर्यंत येऊ द्यावे की नाही, यावरच 1929 च्या सुमारास गाव तापले होते.

हा खटाटोप करणारे वि. दा. सावरकर तेव्हा रत्नागिरीत स्थानबद्ध होते. जानेवारी 1924 ते मे 1937 अशी तेरा वर्षे त्यांना जिल्ह्याबाहेर जायला आणि राजकारण करायला सरकारची बंदी होती. राजकारणाची वाट बंद झाल्यावर त्यांनी जातिभेदाकडे मोर्चा वळवला. समाजाने स्वतःच्याच पायात सात बेड्या ठोकल्या आहेत, अशी त्यांची मांडणी होती. वेदोक्तबंदी, व्यवसायबंदी, स्पर्शबंदी, समुद्रबंदी, शुद्धीबंदी, रोटीबंदी आणि बेटीबंदी. यादी लक्षात ठेवण्याजोगी आहे, कारण यातल्या काही बेड्या पुढे आपोआप गळून पडल्या आणि शेवटची अजूनही बहुतेक घरांत शाबूत आहे.

मंदिराला पैसा दिला तो भागोजी बाळूजी कीर यांनी. भागोजीशेठ रत्नागिरीचेच, भंडारी समाजातले, गरिबीत वाढलेले. मुंबईला जाऊन सुतारकामापासून सुरुवात केली आणि पुढे मोठे कंत्राटदार झाले. रत्नागिरीतले भागेश्वर मंदिर त्यांनीच बांधले. दादरला शिवाजी पार्कजवळच्या हिंदू स्मशानभूमीशीही त्यांचेच नाव जोडलेले आहे. पंगतीत आपली जागा कुठे, हे अनुभवाने कळलेल्या समाजातला हा माणूस. देवळावर नाव कोरून घेणारे दाते पुष्कळ असतात, पण कोणालाही आत घेणाऱ्या देवळासाठी थैली मोकळी करायची तर गावाचा रोष पत्करावा लागतो. 10 मार्च 1929 रोजी पायाभरणी झाली ती शंकराचार्य डॉ. कुर्तकोटी यांच्या हस्ते. म्हणजे पुण्याई शंकराचार्यांची, पैसा भंडारी शेठचा आणि आग्रह एका स्थानबद्ध चित्पावनाचा. असा योग कोकणात रोज जुळून येत नाही.

देवळापेक्षाही अवघड होते ते सहभोजन, म्हणजे सर्व जातींनी एका पंगतीत जेवणे. देवदर्शन घेऊन माणूस घरी परततो, घर तसेच राहते. जेवण मात्र पोटात जाते, आणि मग घरचे सोवळे, आजीचा स्वयंपाक, पुढच्या लग्नसराईतली पंगत असे सगळेच प्रश्न उभे राहतात. कोणी वाढले, पाणी कोणाच्या हातचे, शेजारच्या पानावर कोण होते, याची चौकशी दुसऱ्या दिवशी आळीभर होते. चोरून जेवलेले समाजाला चालत असे. चारचौघांत जेवलेले चालत नसे. म्हणून ही जेवणे मुद्दाम उघडपणे, गाजावाजा करून होत. बायकांचीही सहभोजने झाली. तिथे जाणाऱ्या बाईला स्वतःच्या स्वयंपाकघरात परत पाऊल टाकायचे होते, तेव्हा तिचे धाडस पुरुषांहून जास्तच म्हणावे लागेल. दसऱ्याचे सोने आणि संक्रांतीचा तिळगूळ द्यायला सावरकर सर्व जातींची मंडळी बरोबर घेऊन घरोघर जात. सणाच्या दिवशी दारात आलेल्याला नको म्हणणे अवघड, हे त्यांनी बरोबर हेरले होते.

या सगळ्याला एक कुंपण होते आणि ते नजरेआड करता येत नाही. हे दार हिंदूंसाठी होते. जात मोडायची ती हिंदू समाज एकजीव आणि बळकट व्हावा म्हणून, हे सावरकरांनी कधी लपवले नाही. त्याच रत्नागिरीत पिढ्यान्‌पिढ्या कोकणी बोलणारे, मासळी आणि गलबतांच्या धंद्यात असलेले मुसलमान राहत होते, ते या समावेशाच्या हिशेबात नव्हते. दुसरी गोष्ट अशी की नवे देऊळ बांधले गेल्याने जुन्या देवळांच्या विश्वस्तांना एक सोयीची पळवाट मिळाली. तुमचे ते तिकडे आहे ना, मग जा तिकडे!

नवे घर बांधावे की जुन्याचे दार ठोठावावे, हा पेच केवळ रत्नागिरीचा नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या फिलाडेल्फियात सेंट जॉर्ज या मेथडिस्ट चर्चमध्ये कृष्णवर्णीय भाविक गुडघे टेकून प्रार्थना करत असताना त्यांना तिथून ओढून उठवले गेले. ती जागा गोऱ्यांची होती. रिचर्ड ॲलन आणि ॲब्सलम जोन्स यांच्यासह ती मंडळी चर्चबाहेर पडली. गुलामीत जन्मलेल्या ॲलन यांनी पुढे बेथेल चर्च उभे केले आणि 1816 मध्ये आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल हा स्वतंत्र पंथ स्थापन झाला. त्या वेगळ्या घरांतच पुढे शाळा चालल्या, सभा भरल्या, नेते घडले. मार्टिन ल्यूथर किंग हेही अशाच कृष्णवर्णीय चर्चचे पाद्री. रविवारी सकाळी अकराचा, म्हणजे ऐन प्रार्थनेचा तास हा अमेरिकेतला सर्वांत विभागलेला तास आहे, असे ते सांगत. 1963 मध्ये बर्मिंगहॅमच्या तुरुंगातून त्यांनी लिहिलेले पत्र द्वेष करणाऱ्यांना उद्देशून नव्हते. ते होते 'इतकी घाई कशाला' म्हणणाऱ्या सज्जन गोऱ्या धर्मगुरूंना. हे सज्जन आपल्याकडेही भरपूर होते; मंदिरप्रवेशाच्या प्रत्येक सभेत 'हळूहळू होईल सगळे' म्हणणारे निदान चार जण तरी असायचेच.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आधी जुनेच दार ठोठावले. त्यांचे मूळ गाव मंडणगड तालुक्यातले आंबडवे, म्हणजे रत्नागिरी जिल्ह्यातलेच. नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह 2 मार्च 1930 रोजी सुरू झाला, पतितपावन उघडण्याच्या वर्षभर आधी. भक्तीची आस हे त्यामागचे मुख्य कारण नव्हते, प्रश्न माणूस म्हणून बरोबरीच्या हक्काचा होता. सावरकरांच्या रत्नागिरीतल्या कामाची त्यांनी पत्रातून कदर केली, पण अस्पृश्यता काढून भागणार नाही, चातुर्वर्ण्यच मोडले पाहिजे, हेही त्यात स्पष्ट लिहिले. काळारामाचे दार काही उघडले नाही. 13 ऑक्टोबर 1935 रोजी येवल्यात त्यांनी हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली आणि 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात बौद्ध धम्म स्वीकारला. आज रत्नागिरी जिल्ह्यात गावोगावी बौद्धवाडी आहे, तिथे विहार आहे. ज्या समाजासाठी पतितपावनचा दरवाजा उघडला, त्यातल्या फार मोठ्या भागाने पुढे त्या दारातून आत जायचेच नाही असे ठरवले.

आणखी एक वाट कोकणातल्याच माणसाने चोखाळली. दापोलीजवळच्या पालगडचे साने गुरुजी पंढरपूरच्या विठ्ठल मंदिरासाठी 1 मे 1947 पासून दहा दिवस उपोषणाला बसले. त्याआधी महाराष्ट्रभर फिरून त्यांनी सवर्णांनाच विनवले होते. ज्यांनी दार लावले त्यांनीच ते उघडावे, ही त्यांची भूमिका. पंढरीचे दार उघडले. 1958 मध्ये विनोबा तिथे इतर धर्मांच्या सोबत्यांना घेऊन दर्शनाला गेले आणि रत्नागिरीतले कुंपण पंढरपुरात निदान त्या दिवसापुरते ओलांडले गेले.

मराठी समाजसुधारक अमेरिकेकडे फार आधीपासून पाहत आले आहेत. जोतीराव फुले यांनी 1873 मधली 'गुलामगिरी' अमेरिकेतली गुलामी हटवण्यासाठी झटलेल्या लोकांना अर्पण केली. आंबेडकर 1913 मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकायला गेले आणि 1946 मध्ये त्यांचा कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांच्याशी पत्रव्यवहार झाला. 1972 मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती ब्लॅक पँथरचे नाव घेऊन. उलट दिशेची एक गोष्ट खुद्द किंग सांगत. 1959 च्या भारतभेटीत केरळमधल्या एका शाळेत मुख्याध्यापकांनी त्यांची ओळख अमेरिकेहून आलेला आपल्यासारखाच अस्पृश्य अशी करून दिली. किंग आधी दचकले, थोडे दुखावलेही, आणि मग विचार केल्यावर त्यांनी कबूल केले की होय, मी अस्पृश्यच आहे.

आता हा वाद मराठी माणसांबरोबर अमेरिकेत पोहोचला आहे. 21 फेब्रुवारी 2023 रोजी सिएटल शहराने भेदभावविरोधी कायद्यात वंश, धर्म, लिंग यांच्या जोडीला जात घातली. असे करणारे ते अमेरिकेतले पहिले शहर. ठराव मांडणाऱ्या नगरसेविका क्षमा सावंत यांचा जन्म पुण्याचा. बाजूने बोलायला आंबेडकरवादी संघटना आल्या आणि विरोधात काही हिंदू संघटना. जातीचे नाव घेतले की बोट फक्त आमच्याच धर्माकडे जाते, आमची मुले शाळेत अवघडतात, हा विरोधकांचा मुद्दा. तो अगदीच पोकळ नाही. परक्या देशात अल्पसंख्य म्हणून राहणाऱ्याला अशी धास्ती वाटते. पण कामाच्या ठिकाणी आडनाव, गाव, जेवणाचा डबा यांवरून कोणाची जात चाचपली गेली, तर त्याने तक्रार कुठल्या रकान्यात लिहायची, याला त्या मुद्द्यात उत्तर नाही. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने असेच विधेयक मंजूर केले. राज्यपाल गॅव्हिन न्यूसम यांनी ऑक्टोबरमध्ये त्यावर नकाराधिकार वापरला. सध्याच्या कायद्यांत अशा भेदभावाला आधीच बंदी आहे, असे कारण त्यांनी दिले. दोन्ही बाजूंच्या भारतीय संघटनांनी त्याचा आपापल्या परीने अर्थ लावला, आणि न्यूजर्सीपासून बे एरियापर्यंतच्या मराठी घरांत, मंडळांच्या गणपतीत आणि आंबेडकर जयंतीच्या कार्यक्रमांत त्यावर वाद घालायला विषय मिळाला.