वाहनावरील नजर आणि मालकाचा प्रांजळपणा

मालपोच करणारे चालक, दुरुस्ती कामगार, औषधांचे विक्री प्रतिनिधी यांचे काम कचेरीच्या भिंतींआड होत नाही. त्यांना दिलेले वाहन कोठे आहे हे कळावे म्हणून त्यात जीपीएस यंत्र बसविले जाते. मात्र आकाशातील उपग्रह वाहनावर नजर ठेवतो, हा समज बरोबर नाही. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरील किमान चार उपग्रहांचे संदेश ग्रहण करून यंत्र स्वतःच आपले स्थान काढते. ते स्थान मालकाकडे जाते यंत्रातील सिमकार्डामार्फत. किती वेळाने माहिती पाठवावी, किती दिवस जपावी, हे आकाशात नव्हे, तर व्यवस्थापनाच्या कचेरीत ठरते. अर्थात जबाबदारीही तेथलीच.

चोरीस आळा, इंधनाची बचत, अपघातसमयी त्वरित मदत हे या यंत्राचे लाभ निर्विवाद आहेत. परंतु कामाची वेळ संपल्यावर तेच वाहन कामगाराच्या दारी उभे असते. ते कधी दवाखान्यात, कधी संघटनेच्या बैठकीलाही जाते. हजेरीपटावर कामगार स्वतः सही करतो. छुप्या यंत्राची हजेरी मात्र त्याच्या नकळत लागते.

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी २०२३ मध्ये केलेल्या अधिनियमात मात्र नोकरीच्या प्रयोजनासाठी संमतीवाचून माहिती वापरण्यास वाव ठेवला आहे. म्हणूनच मालकाच्या प्रांजळपणाला अधिक मोल येते.

पोर्तुगालमधील एका औषध कंपनीच्या प्रतिनिधीचे प्रकरण या दृष्टीने उद्बोधक आहे. खाजगी प्रवास झाकण्यासाठी कामाचे किलोमीटर वाढवून दाखविल्याच्या कारणावरून त्याला काढण्यात आले. डिसेंबर २०२२ मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने चार विरुद्ध तीन मतांनी त्याच्या हक्काचा भंग झाला नसल्याचे ठरविले. यंत्राची व त्यामागील हेतूची त्याला आधी कल्पना होती आणि तेथील न्यायालयाने केवळ अंतराची नोंद ग्राह्य धरली होती, या बाबी महत्त्वाच्या ठरल्या. तरीही तीन न्यायाधीशांचे मत निराळे पडले, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

यंत्र कोणत्या वाहनात आहे, ते कशासाठी व केव्हा चालू राहील, नोंदी कोण पाहील आणि किती दिवसांनी पुसल्या जातील, हे कामगाराला त्याच्या भाषेत लेखी सांगावे. सुट्टीच्या वेळी यंत्र बंद ठेवण्याची सोय असावी. नोंदी कामगारालाही पाहता याव्यात. कारण जादा कामाचे तास सिद्ध करावयाचे झाल्यास हीच नोंद त्याचीही साक्ष देऊ शकते.