रानातील खाज : ओळख, उपाय आणि एक विनंती



गेल्या जानेवारीत कसबा पेठेतील आमच्या युवक संघाच्या मुलामुलींना घेऊन मी मुळशीकडच्या एका कातकरी वाडीवर गेले होते. सकाळी वाडीतील लेकरांना वह्या आणि गरम कपडे वाटले आणि दुपारी सगळे डोंगरावर फिरायला निघालो. वाटेत एका मुलाने झाडाखाली पडलेले काळे, चकचकीत फळ उचलले आणि आत काय आहे ते पाहावे म्हणून दगडाने ठेचले. आमच्याबरोबर आलेल्या वाडीतील मावशी मागून ओरडल्या, "दादा, टाक तो! बिब्बा हाय. आधी हात धू!" मुलाने हसत बोटे रुमालाला पुसली आणि रुमाल खिशात कोंबला. तिसऱ्या दिवशी त्याच्या आईचा फोन आला. बोटांवर फोड आले होते. त्याच रुमालाने घाम पुसला होता, त्यामुळे एक डोळा सुजून बंद झाला होता.

मुलगा बरा झाला. पण सहलीला, शिबिराला, ट्रेकला जाणाऱ्या प्रत्येक घराला ही माहिती असावी, म्हणून हे लिहीत आहे.

अमेरिकेत राहणाऱ्या नातेवाइकांकडून आपण 'पॉयझन आयव्ही' या वेलीचे नाव ऐकतो. ती वेल आपल्या सह्याद्रीत नाही, पण तिचे भाऊबंद आहेत. बिब्बा, काजू आणि आपला आंबासुद्धा त्याच कुळातले. आंब्याच्या देठाचा चीक ओठाला लागला की फोड येतो, काजूच्या टरफलाचे तेल हात भाजते, त्यामागे एकाच जातीची द्रव्ये आहेत. बिब्ब्याचे तेल या सगळ्यांत जहाल. पूर्वी धोबी कपड्यांवर खूण करायला तेच वापरत. दुसऱ्या महायुद्धात भारतात आलेल्या अमेरिकन सैनिकांना या खुणेमुळे मानेवर आणि मनगटावर पुरळ येई.

हे तेल लागल्याबरोबर फारसे काही वाटत नाही, म्हणूनच फसगत होते. शरीर त्या तेलाला शत्रू समजून उलटते आणि पुरळ एक-दोन दिवसांनी उठते. अगदी पहिलाच संबंध असेल तर आठवडाभर किंवा त्याहून जास्तही लागतो. एकदा अंगाला त्याची ओळख पटली की पुढच्या वेळी त्रास लवकर आणि जास्त होतो. आमच्या त्या मुलाच्या पायाला लहानपणी काटा मोडला असता आजीने तापवलेला बिब्बा लावला होता, असे त्याच्या आईने मागाहून सांगितले. कदाचित ओळख तेव्हाच झाली असेल.

बिब्बा लागला तर काय करावे? तेल कातडीत मुरायला थोडीच मिनिटे लागतात. म्हणून पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत साबण आणि भरपूर थंड पाण्याने धुवावे, नखांच्या आतही. उशीर झाला तरी धुवावेच. रुमाल, कपडे, बूट, काठी यांवरचे तेल बरेच दिवस टिकते, तेही साबणाने धुवावे. फोड फोडू नयेत. फोडातल्या पाण्याने पुरळ पसरत नाही, अंगावर किंवा कपड्यावर राहिलेल्या तेलाने पसरते. थंड पाण्याच्या घड्या आणि कॅलामाइन लोशन यांनी खाज कमी होते. डोळा, तोंड किंवा नाजूक जागा सुजली, पू झाला, ताप आला, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. श्वासाला त्रास झाला तर क्षणाचाही विलंब नको. आणि शेकोटीत अनोळखी लाकूड टाकू नये, कारण अशा झाडांचा धूरही डोळ्यांना आणि छातीला बाधतो.

खाजकुइलीची गोष्ट वेगळी. ही शेंगांची वेल. हिवाळ्यात तिच्या शेंगा वाळतात आणि त्यांच्यावरची सोनेरी, मखमली लव वाऱ्याने उडते. ही लव बारीक सुयांसारखी कातडीत रुतते आणि आग त्याच क्षणी सुरू होते. इथे चोळणे हीच मोठी चूक, कारण चोळल्याने लव आणखी आत जाते. आधी चिकटपट्टी लावून उचकटावी. ती नसेल तर कणकेचा घट्ट गोळा हलक्या हाताने दाबून लव उचलून घ्यावी, मग धुवावे. डोळ्यात गेली तर डोळा न चोळता स्वच्छ पाण्याने धूत राहावे आणि डॉक्टरांना दाखवावे.

तिसरे गाजर गवत. त्यासाठी रानात जायलाच नको. हे परदेशी गवत भारतात 1955 च्या सुमारास आपल्या पुण्यातच प्रथम नजरेस आले आणि नंतर देशभर पसरले. नदीकाठी, मोकळ्या प्लॉटवर ते आजही दिसते. त्याचे सुके कण हवेतून येतात. ज्यांना त्याची बाधा होते त्यांच्या चेहऱ्यावर, मानेवर आणि कोपराच्या घडीत खाज सुटते, आणि एकदा जडली की वर्षानुवर्षे त्रास देते. मंडळीच्या आवारात स्वच्छता करताना ते उघड्या हाताने उपटू नये. हातमोजे, पूर्ण बाह्यांचा सदरा आणि तोंडाला फडके हवेच. फुलोरा येण्याआधी उपटलेले बरे.

म्हणजे खाज एकच वाटली तरी उपाय एक नाही. बिब्बा ताबडतोब धुवायचा, खाजकुइली आधी उचलायची, गाजर गवतापासून दूर राहायचे. आणि रानात वाडीतील माणसाने "हात लावू नका" म्हटले की ऐकायचे. ते ज्ञान पुस्तकातले नसते.

आता विनंती. त्या मावशींचे हात मी नंतर नीट पाहिले. बोटांवर काळे डाग आणि जुन्या फोडांचे वण होते. हिवाळ्यात त्या बिब्बे गोळा करतात आणि एकेक फोडून आतली गोडंबी काढतात. फोडताना तेल हातावर, कधी तोंडावर उडते. हाताला राख किंवा गोडे तेल चोळून त्या काम करतात. "खाजवतंय, पण पोट थांबतंय का ताई?" त्या म्हणाल्या. आपण थंडीत डिंकाचे लाडू करतो, त्यात हीच गोडंबी असते.

यंदा दिवाळीनंतर आपण या कुटुंबांसाठी जाड हातमोजे, डोळ्यांना लावायचे साधे चष्मे आणि साबण गोळा करीत आहोत. दवाखान्यातले पातळ रबरी मोजे नकोत, त्यातून तेल झिरपते. ज्यांना शक्य आहे त्यांनी रविवारच्या उपासनेनंतर वस्तू आणून द्याव्यात. आणि आपल्या घरी लाडू वळले जातील तेव्हा त्या हातांची प्रार्थनेत आठवण ठेवावी.