थंडीच्या मापाने घडवलेले इंजिन

अमेरिकेच्या मिनेसोटा, मिशिगन यांसारख्या राज्यांत आणि कॅनडाच्या बऱ्याच भागांत घरापुढील वाटेवर साचलेला बर्फ हटवण्यासाठी जे 'स्नो ब्लोअर' वापरले जाते, त्याच्या बहुतेक पेट्रोल प्रकारांत एका सिलिंडरचे, हवेने थंड होणारे इंजिन असते. मोठ्या यंत्रांत ते साधारण २०० ते ४०० सीसी क्षमतेचे, चार स्ट्रोकमध्ये एक आवर्तन पूर्ण करणारे असते आणि पुढील मळसूत्री पाते व त्यामागील बर्फ उडवणारा पंखा ही दोन्ही त्याच्याच बळावर फिरतात. दिसायला ते छोट्या जनरेटरच्या इंजिनाचे सख्खे भावंड वाटते, मात्र उष्ण प्रदेशातील माणसाला अनिवार्य वाटणारा एअर फिल्टर त्यात सहसा नसतोच.

हा निष्काळजीपणा नव्हे. फिल्टरचे काम धूळ अडवणे हे आहे, आणि जमीन बर्फाखाली दडलेली असताना धूळ जवळपास नसते. उलट यंत्राने उडवलेला बारीक हिमकण कागदी फिल्टरवर बसून वितळला आणि पुन्हा गोठला, तर इंजिनाचा श्वासच कोंडेल. खरे संकट कार्ब्युरेटरमध्ये, म्हणजे पेट्रोल आणि हवा यांचे मिश्रण तयार करणाऱ्या भागात असते, कारण पेट्रोलची वाफ होताना ते भोवतीची उष्णता शोषून घेते आणि हवेतील ओलावा अरुंद नळीतच गोठू शकतो. यावर काढलेला उपाय साधा आणि खरोखर चतुर आहे: कार्ब्युरेटरभोवती पत्र्याचे आवरण बसवून इंजिनाचीच उष्णता तेथे खेळती ठेवली जाते.

इंजिन सुरू करणे हीही एक परीक्षाच असते. कडाक्याच्या थंडीत बॅटरी दुबळी पडते, म्हणून अनेक यंत्रांतील विद्युत स्टार्टर घरातील १२० व्होल्टच्या वीजजोडणीवर चालतो आणि इंजिन सुरू झाल्यावर वायर काढून घेतली जाते. तेलही पातळ लागते. '५डब्ल्यू-३०' या नावातील पहिला आकडा थंडीतील प्रवाहीपणा दाखवतो, आणि तो जितका लहान तितके ते तेल गारठ्यात सहज वाहते.

टेकम्सेह या अमेरिकी कंपनीच्या 'स्नो किंग' इंजिनांनी या क्षेत्रात दीर्घकाळ वर्चस्व गाजवले, परंतु २००८ च्या अखेरीस कंपनीने इंजिननिर्मिती थांबवली आणि आज त्या जागी चीनमध्ये बनलेली इंजिने मोठ्या प्रमाणावर दिसतात. याच सुमारास अश्वशक्तीच्या फुगवलेल्या आकड्यांवरून अमेरिकेत खटले झाले आणि यंत्रांवर सीसी व टॉर्क, म्हणजे पिळाचे बळ, छापले जाऊ लागले. पालिकेच्या बर्फ सारणाऱ्या नांगराने वाटेच्या तोंडाशी रचलेला घट्ट ढिगारा फोडताना तेच बळ कामी येत असल्याने हा बदल ग्राहकाच्या हिताचाच ठरला. प्रदूषणाच्या नियमांतही थंडीला मान आहे: हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनची ऑक्साइडे यांपासून होणारा ओझोनचा त्रास मुख्यतः उन्हाळ्यातला असल्यामुळे केवळ हिवाळ्यात चालणाऱ्या इंजिनांना या दोहोंच्या मर्यादेतून अमेरिकेत सवलत मिळाली, कार्बन मोनॉक्साइडच्या बाबतीत मात्र नाही.

शिकागो किंवा टोरोंटोला नव्याने स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनी हे यंत्र बंद गॅरेजमध्ये क्षणभरही चालवू नये, कारण त्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड वायू गंधहीन आणि प्राणघातक आहे. शिवाय वसंत ऋतू लागताच कार्ब्युरेटरमधील पेट्रोल संपवून टाकावे, नाहीतर ते चिकट होऊन पुढच्या हिवाळ्यात इंजिन सुरूच होत नाही.